'गारी' म्हणणारं मूल आणि 'दारी' म्हणणारं मूल: बोली कुठे संपते आणि वाणीदोष कुठे सुरू होतो?

पेणच्या खारेपाटात गाडीला 'गारी' म्हणतात. डोळ्याला 'डोला', पाण्याला 'पानी' आणि 'मला'च्या जागी 'मना'. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या आगरी समाजाची ही बोली. ती कालपरवाची नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या आगरीची नोंद आहे. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. बोली त्याच्या कितीतरी आधीपासून इथे नांदते आहे.

आता असं समजा की याच भागातलं पाच-सहा वर्षांचं एक मूल पहिलीच्या वर्गात 'डोळे' हा शब्द 'डोले' असा वाचतं. शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यातून नव्याने आलेले. त्यांना वाटतं, पोराची जीभ जड आहे. शेजारच्या बाकावरचं दुसरं मूल गाडीला 'गारी' नाही, 'दारी' म्हणतं आणि कपाला 'तप'. इथली मुलं अशीच बोलतात, असं म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नाही.

पहिल्या मुलाला काहीही झालेलं नाही. ते आई-आजीची भाषा अचूक बोलतं आहे. मदत लागण्याची शक्यता आहे ती दुसऱ्याला. 'क'च्या जागी 'त' आणि 'ग'च्या जागी 'द' म्हणणं दोन-अडीच वर्षांच्या मुलांत सर्रास दिसतं, पण चारीच्या आसपास ते जायला हवं. आगरी घरातसुद्धा गाडीला कोणी 'दारी' म्हणत नाही.

मुलांच्या वाणी आणि भाषेवरच्या संशोधनात गेली चाळीसेक वर्षं जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो हाच. वेगळेपण कोणतं आणि दोष कोणता? पेण आणि रोह्यासारख्या तालुक्यांत या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दोन्ही बाजूंनी मुलाचंच नुकसान होतं.

बोबडं, तोतरं, मुकं: तीन शब्दांत बरंच काही हरवतं

घरोघरी यासाठी मोजकेच शब्द वापरले जातात. उच्चार नीट नसले की बोबडा, अडखळला की तोतरा, बोललाच नाही तर मुका. काही गावांत तर तिन्हींना मिळून एकच शब्द असतो, आणि तो बहुधा चिडवण्यासाठीच वापरला जातो.

तज्ज्ञ आधी वाणी आणि भाषा वेगळी करतात. वाणी म्हणजे आवाज तोंडातून कसे बाहेर पडतात ते: उच्चार, ओघ, आवाजाचा पोत. भाषा म्हणजे शब्द माहीत असणं, वाक्य जुळवता येणं, दुसऱ्याचं बोलणं समजणं. 'राजा'ला 'लाजा' म्हणणारी मुलगी अख्खी गोष्ट रंगवून सांगत असेल तर तिची भाषा उत्तम आहे, फक्त एक आवाज बसायचा आहे. 'र' हा मुलांना उशिराच जमणाऱ्या आवाजांपैकी आहे. उलट, एखाद्या सात वर्षांच्या मुलाचे सगळे उच्चार स्वच्छ असतात, पण 'दप्तर ठेव, मग हात धू आणि ताट घे' हे ऐकून ते फक्त ताट घेतं. काल शाळेत काय झालं ते सांगताना दुसऱ्याच वाक्याला अडकतं. अशा मुलाकडे लक्ष जात नाही, कारण कानाला काही खटकत नाही. 'अभ्यासात ढ' किंवा 'ऐकतच नाही' असा शिक्का बसतो आणि विषय संपतो.

या दुसऱ्या अडचणीला आता 'विकासात्मक भाषा विकार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डीएलडी. ऐकू नीट येतं, ऑटिझम नाही, बौद्धिक अक्षमता नाही, मेंदूला इजा नाही, आणि तरीही भाषा शिकणं जड जातं आणि ती अडचण शाळेत, मित्रांत, रोजच्या व्यवहारात जाणवते, अशी ही अवस्था. २०१६-१७ पर्यंत तिला डझनभर नावं होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साठ तज्ज्ञांची मतं फेरीफेरीने घेऊन एका नावावर एकमत घडवलं. त्या तज्ज्ञांचे देश होते सहा, आणि सहाही इंग्रजी बोलणारे. मराठीत ही अवस्था कशी दिसते, याचं उत्तर त्या एकमतातून थेट मिळत नाही.

मराठीत ती कुठे दिसावी याचा अंदाज मात्र बांधता येतो. इंग्रजीत अशी मुलं क्रियापदाला लागणारे छोटे प्रत्यय गाळतात. मराठी मुलाला तीन लिंगं सांभाळावी लागतात, 'घोडा'चं 'घोड्याला' करावं लागतं, आणि 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली' हा हिशेब ठेवावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाने 'घोडाला' म्हटलं तर त्यात कौतुकच आहे. ते नियम शोधतं आहे. सहा-सात वर्षांचं मूल सतत असंच बोलत असेल, वाक्यं तोकडी असतील आणि शब्द आठवत नसतील, तर तपासणी करून घ्यावी.

किती मुलं?

सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा इंग्लंडमधला आहे. सरे परगण्यात कोर्टनी नॉरबरी यांच्या गटाने नुकतीच शाळेत आलेली सात हजारांहून जास्त मुलं चाळली, त्यातल्या काहींची सविस्तर तपासणी केली आणि २०१६ साली निष्कर्ष छापला. कोणतंही दुसरं ज्ञात कारण नसलेला भाषा विकार साधारण साडेसात टक्के मुलांत होता. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रूस टॉम्ब्लिन यांना १९९७ मध्ये ७.४ टक्के हा जवळपास तोच आकडा मिळाला होता.

हे आकडे रोह्याच्या शाळेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतातला मोठा अभ्यास वेगळ्या पद्धतीचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली. मज्जाविकासाशी संबंधित नऊ अडचणी शोधल्या गेल्या, त्यात वाणी-भाषेच्या अडचणीही होत्या. त्यांपैकी निदान एक अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण सहा वर्षांखालच्या वयोगटात ९.२ टक्के आणि ६ ते ९ वर्षांत १३.६ टक्के निघालं. त्यातल्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या मुलांना एकाहून जास्त अडचणी होत्या. आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या अडचणींत एक होती श्रवणदोष.

म्हणूनच वाणीच्या कोणत्याही तक्रारीत पहिली पायरी कानांची असते. मूल हाक मारल्यावर वळतं, टीव्हीचा आवाज ऐकून धावत येतं, म्हणजे ऐकू येतं, असं घरात धरून चालतात. पण श्रवणदोष अर्धवट असू शकतो किंवा काही ठरावीक स्वरांपुरता. सतत सर्दी आणि कान फुटणाऱ्या मुलांत तो येतो-जातो. 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज ज्याला ऐकूच येत नाहीत, ते मूल ते उच्चारणार कुठून? तान्ह्या बाळाची चाचणीसुद्धा झोपेत, न दुखता, कानात छोटा प्रोब ठेवून होते. जन्मतःच्या बहिरेपणात पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हे जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक आहे. ते पाळलं तर भाषेवर होणारा परिणाम खूप कमी करता येतो.

अ‍ॅन आर्बरचा खटला पेणला का लागू पडतो

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहरात १९७० च्या दशकात काही कृष्णवर्णीय मुलांना शाळेने शिकण्यात अक्षम ठरवलं. मुलं घरी जी इंग्रजी बोलत ती शाळेच्या इंग्रजीहून वेगळी होती. पालक कोर्टात गेले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी साक्ष दिली की या मुलांच्या बोलीला स्वतःचं नियमबद्ध व्याकरण आहे. १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला: मुलांची घरची बोली लक्षात घेऊन त्यांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी शाळा मंडळाची आहे. चार वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेतल्या वाणीतज्ज्ञांच्या संघटनेने कोणतीही बोली हा विकार नाही अशी अधिकृत भूमिका घेतली.

आगरीतही नेमकं हेच आहे. 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न', दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'र' हे बदल अंदाधुंद नाहीत. बोलणारा ते नियमाने करतो, म्हणूनच दुसऱ्या आगरी माणसाला ते कळतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षण प्रकल्पात राज्यभरातल्या गावांतून प्रत्यक्ष बोलण्याचे नमुने ध्वनिमुद्रित झाले आहेत. रायगडमध्ये काम करणाऱ्या शिक्षकाने किंवा वाणीतज्ज्ञाने असे नमुने तासभर ऐकले तरी त्याचे कान बऱ्यापैकी तयार होतील. प्रमाण मराठीच्या चित्रांवर आधारलेली उच्चार-चाचणी आगरी मुलाला जशीच्या तशी दिली आणि 'डोला'ला शून्य गुण दिला, तर ती चाचणी मुलाची नाही, त्याच्या गावाची झाली.

याची दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. बोलीचा आदर करण्याच्या नादात खरा दोष 'बोली आहे' म्हणून सोडून दिला जातो. त्यावर साधा उपाय आहे: मुलाची तुलना पुस्तकाशी नव्हे, त्याच्या भावंडांशी आणि गल्लीतल्या सवंगड्यांशी करा. आजीला विचारा, 'याच्या वयाची बाकीची पोरं असंच बोलतात का?' हा प्रश्न भाबडा वाटतो, पण वाणीतज्ज्ञांच्या तपासणीत तो असतोच, आणि आजीचं उत्तर बऱ्याचदा बरोबर निघतं.

कातकरी वाडीतलं गप्प मूल

रोहा, पेण, सुधागड या भागांत कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात; उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. घरात कातकरी बोली बोलली जाते. पावसाळा संपला की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि मूल शाळेत महिनोन्महिने नसतं. परत आलं की गप्प बसतं.

हे गप्प बसणं कशाचं? नव्या भाषेत टाकलेलं लहान मूल काही काळ फक्त ऐकत राहतं, बोलत नाही, हे अनेक भाषांत पाहिलं गेलं आहे. तो शिकण्याचाच भाग असू शकतो. पण त्याच मुलाला कमी ऐकू येत असेल किंवा स्वतःच्या बोलीतही वाक्य जुळवता येत नसेल, तर ते शिक्षकाला कळणार कसं? दोन्ही मुलं वर्गात सारखीच गप्प दिसतात.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांवरच्या संशोधनाचा सर्वांत पक्का निष्कर्ष इथे उपयोगी पडतो. भाषा विकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. कातकरीत भरभरून बोलणारं, भांडणारं, गाणी म्हणणारं मूल मराठीत अडत असेल तर त्याला विकार नाही, मराठी शिकायला वेळ हवा आहे. धाटावच्या कारखान्यांमुळे रोह्यात आलेल्या हिंदीभाषक घरांतल्या मुलांनाही हेच लागू आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने विकार होत नाही. 'घरात फक्त इंग्रजी बोला, मग पोरगं लवकर बोलेल' हा सल्ला आजही दिला जातो, त्याला संशोधनाचा आधार नाही. ज्या भाषेत आई सहज बोलू शकते, तीच मुलाला सर्वांत जास्त देऊ शकते.

मग भाषा न येणाऱ्या तज्ज्ञाने तपासायचं कसं? यावर दोन युक्त्या निघाल्या. एक म्हणजे अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावणं. 'टिमूका', 'बरनोपे' असं काहीही. डीएलडी असलेल्या मुलांना लांब निरर्थक शब्द लगेच परत म्हणता येत नाहीत, हे सुसान गॅदरकोल आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९९० मध्ये दाखवलं. शब्दच खोटा असल्याने कोणाला किती शब्द माहीत आहेत याचा फायदा-तोटा कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण खोटा शब्दही कोणत्या तरी भाषेच्या आवाजांनीच बनतो; आगरी मुलासाठी त्यात 'ळ' घातला की पुन्हा तीच चूक. दुसरी युक्ती म्हणजे तपासा, थोडं शिकवा, परत तपासा. एलिझाबेथ पेन्या यांनी अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक मुलांबरोबर ती विकसित केली. थोडक्या शिकवणीने झपकन सुधारणा झाली तर आधी फक्त संधी नव्हती असं समजायचं.

शंखाचं पाणी, वेखंड आणि मोबाइल

मूल बोलेना की शंखातून पाणी पाजतात, जिभेला वेखंड घासतात, 'याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता' म्हणून थांबतात. शंख आणि वेखंडाने बोलणं आल्याचा पुरावा नाही. बापाच्या गोष्टीत मात्र तथ्य असतं, फक्त निष्कर्ष उलटा काढला जातो. भाषेच्या अडचणी घराण्यात चालतात. २००१ साली लंडनमधल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या अभ्यासातून फॉक्सपी-टू या जनुकातला बिघाड सापडला आणि 'भाषेचं जनुक' म्हणून वर्तमानपत्रं गाजली. बहुतेक मुलांत तो बिघाड नसतो, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. तेव्हा बाप उशिरा बोलला असेल तर वाट पाहण्याचं नाही, लवकर दाखवण्याचं ते कारण आहे.

जिभेखालची दोरी कापणं हाही जुना उपाय. दोरी आखूड असेल तर तान्ह्या बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो. पण तिच्यामुळे मूल शब्दच शिकत नाही, असं नसतं.

मोबाइलबद्दल २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. स्क्रीनचा वेळ जास्त तिथे भाषेचे गुण थोडे कमी, आणि मोठं माणूस सोबत बसून पाहत असेल तर थोडे जास्त. म्हणजे मोबाइल कमी करणं चांगलंच. पण डीएलडी किंवा ऑटिझम मोबाइलने होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. आईला 'तूच मोबाइल दिलास' म्हणून दोषी ठरवण्यात तपासणीचे महिने वाया जातात.

तोतरेपणाचं गणित वेगळं आहे. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, शंभरातल्या पाचेक मुलांत दिसतो आणि त्यातल्या बहुतेकांचा आपोआप जातो. मुलग्यांत टिकण्याची शक्यता जास्त. अडखळणं सहा महिने-वर्षभर टिकलं, मूल बोलायला घाबरू लागलं किंवा चेहरा ताणू लागलं तर थांबू नये. 'सावकाश बोल, श्वास घे' असं सारखं सांगण्यापेक्षा त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू देणं बरं.

कधी आणि कुठे दाखवायचं

वर्षाचं झाल्यावर एखादा अर्थपूर्ण शब्द. दोन वर्षांचं होताना पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'दूध नको' अशी दोन शब्दांची जोडी. तीन वर्षांनंतर बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळायला हवं. दोन वर्षांच्या रेषेखाली राहिलेली अनेक मुलं पुढे बरोबरीला येतात. कोण येणार आणि कोण नाही हे मात्र आधी खात्रीने सांगता येत नाही. मूल आधी बोलत होतं आणि आता शब्द गमावतं आहे, किंवा नावाने हाक मारली तरी बघत नाही, असं असेल तर कोणत्याही वयात लगेच दाखवावं.

सरकारी वाट अंगणवाडीतून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यातलं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येणं अपेक्षित आहे. तपासायच्या तीस अवस्थांत श्रवणदोष आणि भाषेतला उशीर दोन्ही आहेत. पथकाला तीन मिनिटांत गप्प मूल दिसेल, विकार दिसेलच असं नाही. म्हणून पथकाच्या दिवशी सेविकेला आपणहून सांगावं. पुढची पायरी म्हणजे पेण किंवा रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, आणि नायर रुग्णालयात वाणी-श्रवण विभाग आहे. देशातलं या विषयाचं शिक्षण ज्या मोजक्या ठिकाणी १९६० च्या दशकात सुरू झालं त्यातलं हे एक. खासगी थेरपिस्ट गाठताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

खरा अडसर अंतराचा आहे. आठवड्याला एक सत्र म्हणजे रोह्याहून दिव्याची गाडी, पुढे लोकल, आणि एका पालकाचा बुडालेला रोजगार. इथे २०११ चं एक संकलन दिलासा देतं. आई-वडिलांना पद्धत शिकवून घरीच सराव करून घेतल्याच्या १८ अभ्यासांचा त्यात एकत्र विचार झाला आणि मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली. पद्धत अवघड नसते. मूल ज्याकडे बघतं त्याबद्दल बोलायचं, त्याच्या 'गारी'ला 'हो, लाल गारी आली' असं वाढवून द्यायचं, आणि उत्तरासाठी थांबायचं. हे आगरीत, कातकरीत, कोणत्याही बोलीत करता येतं. पण शिकवणारा तज्ज्ञ सुरुवातीला भेटावाच लागतो.

कायद्यात एक फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत 'वाणी आणि भाषा अक्षमता' आहे. पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूविकारामुळे आलेल्या कायमच्या अक्षमतेभोवती फिरते. कोणतंही शारीरिक कारण न सापडणाऱ्या डीएलडीच्या मुलाला त्यात बसवणं कठीण जातं. पुढे वाचन-लेखनात अडचण आली तर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा दुसरा प्रकार लागू होऊ शकतो. त्यासाठी मराठीतली चाचणी आहे: राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेली 'डाली', हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी.

तपासणीला जाताना एक गोष्ट सोबत न्यावी, ती फुकट मिळते. अनोळखी खोलीत मूल बहुधा तोंड उघडत नाही. घरी आजीशी, भावाशी, अंगणात खेळताना आपल्या बोलीत बोलत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावेत, शक्य तर महिन्याच्या अंतराने. तज्ज्ञाला ती बोली येत नसेल तर शेजारी बसून सांगावं, यातलं काय आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि काय फक्त हाच म्हणतो.